सिरिमावो बंदरनायके: सामान्यज्ञानाची एक ओळ आणि उरलेली चाळीस वर्षं

कोकणवारा

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात ही ओळ असतेच. जगातील पहिली महिला पंतप्रधान: सिरिमावो बंदरनायके, श्रीलंका, १९६०. एक गुण खिशात टाकायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. (तेव्हा देशाचं नाव सिलोन होतं. ते १९७२ साली याच बाईंच्या सरकारने बदललं, पण पुस्तकवाल्यांना कोण सांगणार.)

सध्या श्रीलंकेच्या राजकारणावर जमेल तसं वाचतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. 'पहिली महिला' म्हणून बाईंचं कौतुक करणारे आणि 'नवऱ्याच्या पुण्याईवर आल्या' म्हणून नाक मुरडणारे, दोघेही त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघतच नाहीत. केलं मात्र भरपूर. त्यातलं काही टिकलं, काहींची किंमत तो देश अजून मोजतोय.

सिरिमा रत्वत्ते यांचा जन्म १७ एप्रिल १९१६चा, रत्नपुरा भागातल्या जहागीरदार घराण्यातला. कँडीच्या राजांपासून मान असलेली मंडळी. आई आयुर्वेदाची जाणकार. सहा भावंडांत ही थोरली. शिक्षण कोलंबोच्या सेंट ब्रिजेट्स कॉन्व्हेंटमध्ये, पण घरचा बौद्ध धर्म तसाच राहिला. १९४० साली सॉलोमन बंदरनायके यांच्याशी लग्न झालं. नवरा ऑक्सफर्डचा, फर्डा वक्ता, मंत्री. पदरी तीन मुलं, दिवसभर पाहुण्यांची आणि कार्यकर्त्यांची वर्दळ, आणि जोडीला लंका महिला समितीचं गावोगावचं काम. हे शेवटचं बहुतेक लेख अर्ध्या वाक्यात उरकतात. वास्तविक 'स्वयंपाकघरातून थेट पंतप्रधान' ही कथा तिथेच लंगडी पडते. भाताचं पीक, आरोग्य, बायकांचे उद्योग या कामासाठी त्यांनी खेडी पालथी घातली होती. पुढे मतं मागायला गेल्या तेव्हा ती गावं त्यांना नवी नव्हती.

२५ सप्टेंबर १९५९. कोलंबोतल्या रोझमीड प्लेसच्या राहत्या घराच्या व्हरांड्यात पंतप्रधान बंदरनायके लोकांना भेटत होते. समोर आलेल्या भिक्खूला नमस्कार करायला ते वाकले आणि त्या भिक्खूनेच, तल्दुवे सोमरामने, गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. कटाचा सूत्रधार निघाला केलानिया विहाराचा प्रमुख बुद्धरक्खित, म्हणजे १९५६च्या निवडणुकीत ज्याने बंदरनायक्यांसाठी रान उठवलं होतं तोच. त्याला जहाज वाहतुकीच्या आणि साखरेच्या धंद्यात सरकारी मेहेरबानी हवी होती, ती मिळाली नाही.

मार्च १९६०च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत नाही. डडली सेनानायके यांचं सरकार महिन्याभरात कोसळलं. मग श्रीलंका फ्रीडम पार्टीने बाईंना पुढे केलं. सभांमधून नवऱ्याची ध्वनिमुद्रित भाषणं वाजवायची आणि मग स्वतः बोलायचं. विरोधकांनी 'रडणारी विधवा' म्हणून टिंगल केली. जुलैमध्ये १५१ पैकी ७५ जागा आल्या. बाई स्वतः कुठूनच उभ्या नव्हत्या. २१ जुलै १९६० रोजी शपथ घेतली आणि मग सिनेटवर नेमणूक झाली.

पुढचं टप्प्याटप्प्याने प्रतिसादांत लिहीन. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

चकली

वाचतेय. आमच्या घरी सिलोन म्हणजे रेडिओ सिलोन, बाकी काही नाही. बाबा रेडिओ उचलून खिडकीत नेऊन ठेवायचे, स्टेशन नीट लागावं म्हणून. त्या देशात तेव्हा एवढं सगळं घडत होतं याची गंधवार्ता नव्हती.

तर्कट

नेहमीप्रमाणे खोडा घालतो. 'पंतप्रधान' म्हणत असाल तर पहिल्या त्याच. पण 'देशाची पहिली महिला प्रमुख' म्हणणार असाल तर तुवा नावाच्या प्रजासत्ताकात खेर्तेक अंचिमा-तोका ही बाई १९४० सालीच संसदेच्या अध्यक्षमंडळाच्या प्रमुखपदी होती. ना राणी, ना कोणाची विधवा. तुवा पुढे सोव्हिएत संघाने गिळला, म्हणून नाव राहिलं नाही.

आणि दुसरं. लग्न झालं नसतं तर या बाई पंतप्रधान झाल्या असत्या का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

कोकणवारा

@तर्कट, तुवाची माहिती झकास. म्हणूनच शीर्षकात 'राष्ट्रप्रमुख' लिहिलं नव्हतं.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. पण मग हाच प्रश्न डडली सेनानायक्यांनाही लावा. ते पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांचे चिरंजीव. वडील १९५२ साली घोड्यावरून पडून गेले आणि डडली त्यांच्या जागी बसले. त्यांना 'रडणारा मुलगा' कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

उंबरठा

वरच्या शेवटच्या वाक्याला +१.

आपल्याकडे आमदार गेला की पोटनिवडणुकीत पत्नीला उभं करतात, सहानुभूतीची लाट येते, आणि सगळे गृहीत धरतात की कारभार दीर पाहणार. १९६०मध्ये कोलंबोतही हाच हिशेब होता. पक्षातल्या पुढाऱ्यांना फोटो हवा होता, बाई नको होती. मला उत्सुकता आहे ती, हा हिशेब नेमका कधी चुकला याची. कोणाला सांगता येईल?

जुनी_वही

@उंबरठा, माझ्या मते १९६२च्या जानेवारीत. पण त्याआधी शाळांचं प्रकरण सांगायला हवं.

सत्तेवर आल्याबरोबर सरकारने अनुदानित मिशनरी शाळा ताब्यात घेण्याचा कायदा केला. हेतू समजण्यासारखा होता. बहुसंख्य मुलं बौद्ध आणि चांगल्या शाळा चर्चच्या, हे खुपत होतंच. कॅथलिक पालक शाळांमध्ये ठाण मांडून बसले. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा मध्यस्थीला गेले ते मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. शेवटी काही मोठ्या शाळा सरकारी मदत सोडून स्वतंत्र राहिल्या, बाकीच्या सरकारकडे गेल्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईंनी हे करावं याचा चर्चला जास्तच धक्का बसला असणार.

लष्कर आणि पोलिसांतले वरचे अधिकारी तोवर बहुतांशी ख्रिस्ती, इंग्रजी वळणाचे, उच्चभ्रू. 'आपला' देश हातातून निसटतोय ही भावना त्यांच्यात पसरली. २७ जानेवारी १९६२च्या रात्री मंत्र्यांना पकडायचं, टेलिफोन कापायचे, रेडिओ ताब्यात घ्यायचा, असा बेत ठरला. कटात ओढू पाहिलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने ही गोष्ट घरी सांगितली, ती त्याच्या सासऱ्यांपर्यंत गेली आणि सासरे निघाले सत्ताधारी पक्षाचे खासदार. रात्र उलटायच्या आत धरपकड सुरू झाली.

गंमत पुढे आहे. या लोकांना शिक्षा व्हावी म्हणून सरकारने मागच्या तारखेपासून लागू होणारा खास कायदा केला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हा सिलोनचं शेवटचं अपील तिथेच जायचं) १९६५मध्ये तो रद्द ठरवून सगळ्यांना सोडून दिलं. न्यायसंस्था आणि संसद यांच्या अधिकारांच्या विभागणीबद्दलचा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात.

कटानंतर गव्हर्नर जनरल ऑलिव्हर गुणतिलके यांचं नाव चर्चेत आलं. बाईंनी त्यांना घरी पाठवलं आणि त्या जागी विल्यम गोपल्लव यांना आणलं. ते नात्यातले. तेव्हा आपण फोटोपुरत्या नाही हे दाखवून दिलं खरं, पण भरवशाचा माणूस म्हणजे नात्यातला माणूस ही सवयही तिथेच लागली. अर्थमंत्री फेलिक्स डायस बंदरनायके हे नवऱ्याचे पुतणे. खासगी सचिव भाऊ. पुढे मुली.

तर्कट

म्हणजे दिराने कारभार पाहिला नाही, पुतण्याने पाहिला. (हलके घ्या.)

जुनी_वही

पुतण्यालाही १९६२मध्येच अर्थखातं सोडावं लागलं. तांदळाचं रेशन कमी करायला निघाले होते, पक्षातच बोंब झाली. त्या देशात तांदळाला हात लावणारा मंत्री टिकत नाही.

नीलगिरी_एक्सप्रेस

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं निलगिरीतल्या वेलिंग्टनला होतो. कोटागिरी, गुडलूरकडे जाताना तमिळनाडू सरकारच्या चहामळा महामंडळाच्या पाट्या दिसत, 'टॅनटी'. सुरुवातीला वाटलं, सरकारला चहाचा धंदा कशाला? तर हे मळे सिलोनहून परत पाठवलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून १९६०च्या दशकाच्या शेवटी लावलेले. मळ्यातल्या बायकांशी बोलताना 'परत' हा शब्द किती फसवा आहे ते कळतं. त्यांच्या आज्या-पणज्या तिकडे जन्मलेल्या. परत कुठे आल्या?

पार्श्वभूमी अशी. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून मजूर नेऊन कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर लावले. १९४८मध्ये स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर तिथल्या पहिल्या सरकारने नागरिकत्वाचा असा कायदा केला की ही माणसं कुठल्याच देशाची राहिली नाहीत. मतदानाचा हक्कही गेला. नेहरूंचं म्हणणं, ते तुमचे नागरिक. सिलोनचं म्हणणं, ते तुमचे. सोळा वर्षं हे चाललं.

३० ऑक्टोबर १९६४ला दिल्लीत सिरिमावो आणि शास्त्रीजींनी करार केला. एकूण ९ लाख ७५ हजार माणसं धरली. ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यायचं, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ते 'नंतर' १९७४ला आलं. सिरिमावो आणि इंदिराबाईंनी निम्मे निम्मे वाटून घेतले, ७५ हजार इकडे, ७५ हजार तिकडे. मळ्यांवरच्या मजुरांचे नेते सौम्यमूर्ती तोंडमान यांना १९६४ला विश्वासात घेतलं नव्हतं, मग मजुरांना कोण विचारणार.

सिरिमावोंच्या चरित्रात हा करार 'राजनैतिक यश' म्हणून येतो. शास्त्रीजींच्या चरित्रात तर बहुतेकदा येतच नाही. मला दोघांचाही राग येतो, आणि त्यात एकीचा स्त्री असण्याशी काडीचा संबंध दिसत नाही. तलाईमन्नारहून बोटीने रामेश्वरम, तिथून छावणी, तिथून जिथे पाठवतील तिथे. कुणाला मळा, कुणाला सूतगिरणी, कुणाला दुकानासाठी कर्ज. थंड डोंगरावर जन्म काढलेल्या माणसांना सपाटीवरच्या उन्हात पाठवलं, त्यातले कित्येक स्वतःहून निलगिरी चढून आले. आजही तिथे त्यांना 'सिलोनवाले' म्हणतात.

चकली

हे काहीच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तर्कट

कराराची दुसरी बाजू मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल.  १९४८चा कायदा बाईंचा नाही. सिंहली मतांवर निवडून आलेल्या पुढाऱ्याने तीन लाख तमिळ मजुरांना नागरिक करायचं कबूल करणं तेव्हाच्या हवेत सोपं नव्हतं.

बाकी १९७४चा विषय निघालाच आहे तर कच्चतिवू कोणीतरी काढणार, मीच काढतो. २८५ एकरांचं बेट, पिण्याचं पाणी नाही, एक अंतोनी संताचं चर्च. जून १९७४च्या करारात रेषा अशी आखली की ते श्रीलंकेकडे गेलं. रामेश्वरमचे मच्छीमार तेव्हापासून भरडले जाताहेत. निवडणूक आली की हे बेट आपल्याकडे वर येतं. त्यावर इथे रणकंदन नको, वेगळा धागा काढा.

पाटीपेन्सिल

मळ्यांवरचे तमिळ आणि जाफन्याचे तमिळ हे दोन वेगळे समाज, हे आधी स्पष्ट करतो. जाफन्याचे शेकडो वर्षांपासून तिथलेच. त्यांचं दुखणं भाषेचं आणि नोकऱ्यांचं.

'फक्त सिंहली' हा राजभाषेचा कायदा १९५६चा, नवऱ्याचा. पण नवऱ्याने निदान तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून थोडी वाट काढायचा प्रयत्न केला होता, भिक्खूंच्या दबावाखाली तो मोडला. १ जानेवारी १९६१पासून कायदा कडक लागू झाला तो बाईंच्या हाताने. कचेऱ्या, कोर्टं, सगळं सिंहली. जाफन्यात तमिळ पक्षाने कचेरीच्या दारात सत्याग्रह मांडला. कामकाज ठप्प. एप्रिलमध्ये तर त्यांनी स्वतःची टपाल तिकिटं काढून विकली. उत्तर काय मिळालं? आणीबाणी, लष्कर आणि पुढाऱ्यांची स्थानबद्धता.

दुसऱ्या खेपेला, १९७० नंतर, विद्यापीठ प्रवेशाचं 'प्रमाणीकरण' आलं. वैद्यकी आणि अभियांत्रिकीला तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागायला लागले. पुढे जिल्हावार कोटा आला. मागास ग्रामीण भागाला संधी, हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटेल आणि त्यात तथ्य आहेच. पण जाफन्यातल्या अठरा वर्षांच्या मुलाला त्यातून एकच निरोप गेला. १९७२च्या राज्यघटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं आणि अल्पसंख्याकांना संरक्षण देणारं जुन्या घटनेतलं कलम गळालं. ही घटना लिहिणारे कॉल्विन डी सिल्वा हे ट्रॉट्स्कीवादी. १९५०च्या दशकात यांनीच बजावलं होतं की एक भाषा लादाल तर दोन देश होतील. सत्तेची ऊब, दुसरं काय.

जानेवारी १९७४, जाफन्यातली तमिळ संशोधन परिषद, पोलिसांच्या कारवाईनंतरच्या गोंधळात नऊ माणसं मेली. जुलै १९७५, जाफन्याचे महापौर दुरैअप्पा यांचा खून. ते बाईंच्याच पक्षाचे होते. मारेकऱ्यांत प्रभाकरन नावाचा विशीतला पोरगा होता. १९७६ला वट्टुकोट्टै इथे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा ठराव.

न्यायाने बोलायचं तर १९५८ची दंगल नवऱ्याच्या काळातली, १९८३ची राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या काळातली. बाईंच्या कारकिर्दीत देशभर तसा वणवा पेटला नाही. लाकडं मात्र रचली गेली.

कोकणवारा

@पाटीपेन्सिल, यातल्या एकाही मुद्द्यावर वाद नाही. तमिळ प्रश्नावर बाईंचा बचाव मला करता येत नाही, आणि करावासाही वाटत नाही.

पण परराष्ट्र धोरणात त्याच बाई किती सावध होत्या बघा. १९६२च्या युद्धानंतर भारत आणि चीन एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. डिसेंबरमध्ये त्यांनी कोलंबोत सहा देश जमवले: सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, घाना आणि इजिप्त. प्रस्ताव घेऊन स्वतः पेकिंगला आणि मग दिल्लीला गेल्या. भारताने तो मानला, चीनने 'तत्त्वतः' मानून कोलदांडा घातला. तोडगा निघाला नाही. तरी एका लहान बेटाच्या पंतप्रधानाला दोन्ही घरांत चहा मिळत होता, हे काही कमी नाही.

हिंदी महासागर शांतताक्षेत्र व्हावा हा ठराव डिसेंबर १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, तोही त्यांच्या पुढाकाराने. आणि ऑगस्ट १९७६ची कोलंबोतली अलिप्त राष्ट्रांची परिषद. चीनने बांधून दिलेल्या बंदरनायके सभागृहात भरली आणि बाई तिच्या अध्यक्ष.

खानदेशी_ठेचा

परिषदेचं सगळं छान, पण लोकांच्या ताटात काय होतं?

आमच्याकडे ७२चा दुष्काळ म्हणजे मिलो. लाल ज्वारी, अमेरिकेची. आजी अजून नाव काढलं की तोंड वाकडं करते. अगदी त्याच सुमाराला श्रीलंकेत पावासाठी पहाटेपासून रांगा लागत होत्या. तेलाचे भाव भडकले, धान्याचे भडकले, चहाला भाव नाही, परकीय चलन संपलं. सरकारने आयात जवळपास बंद केली. तांदळाचं रेशन कापलं (बघा, पुन्हा तांदूळ), भाताची जिल्ह्याबाहेर ने-आण अडवायला नाके बसवले. लोक कसावा, रताळी खाऊन राहिले. सगळ्यात वाईट हाल मळ्यांवर; १९७४ला तिथला मृत्युदर एकदम वर गेला. ज्यांच्या चहावर देश चालत होता तेच उपाशी.

उलट फायदा कोणाला झाला माहीत आहे? जाफन्याच्या शेतकऱ्यांना. मिरची आणि कांद्याची आयात थांबली आणि त्यांच्या मालाला सोन्याचा भाव आला. पोरांना विद्यापीठाचं दार बंद आणि बापाच्या मिरचीला भाव, एकाच सरकारकडून.

आता जमीन. १९७२चा कमाल जमीनधारणा कायदा: माणशी ५० एकर, भातशेती असेल तर २५. आपल्याकडेही सीलिंग आलं, ते पुढाऱ्यांनी कुत्र्या-मांजरांच्या नावावर जमिनी करून कसं जिरवलं ते सांगायला नको. तिथे बंदरनायके आणि रत्वत्ते घराण्यांच्या स्वतःच्या जमिनी गेल्या. धाकटी मुलगी चंद्रिका जमीन सुधारणा आयोगात काम करत होती. १९७५ला कंपन्यांचे, म्हणजे मुख्यतः इंग्रजांचे, मळेही सरकारजमा झाले. इथे मी बाईंना पूर्ण गुण देतो. जमिनी वाटताना मळ्यावरच्या तमिळ मजुरांना कित्येक ठिकाणी हुसकावलं, त्याचे कापून घ्या.

चकली

एक शंका. १९७०ला एवढ्या मोठ्या बहुमताने निवडून आल्या, मग लगेच १९७१ला तरुणांनी बंड का केलं? गरिबांचं सरकार होतं ना?

जुनी_वही

@चकली, त्यातल्या बऱ्याच पोरांनी १९७०ला बाईंचाच प्रचार केला होता. आघाडीला १५१ पैकी ११६ जागा मिळाल्या, अपेक्षा आभाळाला भिडल्या. मोफत शिक्षणामुळे खेड्यापाड्यांत शिकलेली पिढी तयार होती, सिंहलीतून शिकलेली, आणि नोकऱ्या नव्हत्या. रोहण विजेवीरा यांच्या जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या संघटनेने या पोरांना पाच वर्गांत क्रांती शिकवली आणि हाती गावठी बाँब दिले.

५ एप्रिल १९७१ला पोलीस ठाण्यांवर हल्ले सुरू झाले. काही भाग आठवडे त्यांच्या ताब्यात होते. लष्कर नावापुरतं. बाईंनी मदत मागितली आणि सगळे धावले: भारताची हेलिकॉप्टर आणि नौदल, पाकिस्तान, ब्रिटन, सोव्हिएत संघ, अमेरिका, युगोस्लाव्हिया. पूर्व बंगालवरून हाडवैर पेटलेलं असताना भारत आणि पाकिस्तान कोलंबोत एकाच बाजूला उभे राहिले. चीनने बिनव्याजी कर्ज दिलं. उत्तर कोरियाच्या वकिलातीला मात्र देश सोडायला लावला.

बंड मोडलं. हजारो तरुण मारले गेले, बहुतेक विशीच्या आतबाहेरचे सिंहली बौद्ध, म्हणजे पक्षाच्याच मतदारांची मुलं. कतरगामची प्रेमवती मनम्पेरी, गावच्या सौंदर्यस्पर्धेत जिंकलेली मुलगी, तिला सैनिकांनी जसं हाल करून मारलं ते वाचवत नाही. त्यासाठी शिक्षा झाल्या. बाकीच्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. आणीबाणी पुढे सहा वर्षं चालू राहिली.

उंबरठा

आणि मग बाईंनी तेच केलं जे इंदिराबाईंनी केलं. १९७५ला निवडणूक व्हायची होती. नव्या घटनेचा आधार घेऊन संसदेची मुदत दोन वर्षं वाढवली. वृत्तपत्रांवर मुसक्या, लेक हाउस हा सगळ्यात मोठा वृत्तपत्रसमूह सरकारने १९७३ला ताब्यात घेतला. (१९६४ला पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा एका मताने सरकार पडलं होतं, तरी हौस फिटली नाही.)

१९७७ दोघींनाही भोवलं. मार्चमध्ये इंदिराबाई, जुलैमध्ये सिरिमावो. १६८ पैकी पक्षाच्या फक्त ८ जागा. तमिळ पक्षाचे अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले. स्वतःची जागा टिकली, पण १९८०च्या ऑक्टोबरमध्ये जयवर्धने सरकारने चौकशी आयोगाच्या अहवालावरून सात वर्षांसाठी त्यांचे नागरी हक्कच काढून घेतले आणि संसदेतून बाहेर काढलं. इंदिराबाईंना १९७८ला काढलं होतं, त्या दोन वर्षांत परत आल्या. इथे फरक असा की १९८२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जयवर्धन्यांना हरवू शकेल अशी एकच व्यक्ती होती आणि तिलाच उभं राहता येत नव्हतं. हक्क १९८६ला परत मिळाले. १९८८ला, वयाच्या ७२व्या वर्षी, बंदुकांच्या दहशतीत झालेल्या निवडणुकीत त्या सत्ताधारी पक्षाच्या प्रेमदासांकडून हरल्या, पण ४५ टक्क्यांच्या आसपास मतं घेतली.

अधिकाराचा गैरवापर केला म्हणून शिक्षा झाली हे मला पटतं. ती देणाऱ्याने पुढे स्वतःच्या संसदेची मुदत निवडणूक न घेता सार्वमताने सहा वर्षं वाढवली, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

आणि स्त्रियांसाठी काय केलं, हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मीच. थोडंच. सिलोनमध्ये बायकांना मतदान १९३१पासून होतं, इंग्लंडच्या पाठोपाठ. पहिली महिला पंतप्रधान, पहिली महिला कार्यकारी राष्ट्राध्यक्ष तिचीच मुलगी, आणि संसदेत बायकांचं प्रमाण आजवर दहा टक्क्यांपुढे गेलेलं नाही. दार उघडलं, पण घरच्यांपुरतं. २०२४ला हरिणी अमरसूर्या पंतप्रधान झाल्या, त्या तिसऱ्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, ना कोणाची पत्नी म्हणून आलेल्या, ना कोणाची मुलगी म्हणून. चौसष्ट वर्षं लागली.

बोधी

एक वेगळा कोन. बाबासाहेब १९५०च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. आमच्या घरात त्या देशाबद्दल तेव्हापासून आदर. धम्म आम्ही समतेसाठी घेतला. त्यामुळे तोच धम्म एका भाषेच्या बहुसंख्याकांचा झेंडा होतो, भिक्खू निवडणुका फिरवतात आणि एक भिक्खू पंतप्रधानांवर पिस्तूल चालवतो, हे वाचताना आत काहीतरी तुटतं. नवऱ्याचा खून भिक्खूने केला आणि बायकोने बारा वर्षांनी घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. श्रद्धा की हिशेब? मला वाटतं दोन्ही, आणि त्यांना स्वतःला त्यात विसंगती वाटली नसावी.

कोकणवारा

शेवटचा भाग थोडक्यात. १९९४ला चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी आईला पंतप्रधान नेमलं. तिसरी खेप. पण १९७८च्या घटनेने सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे गेले होते, त्यामुळे पद मानाचं, काम बेताचं. घरात दुफळी होतीच, मुलगा अनुरा १९९३ला विरोधी पक्षात जाऊन बसला होता. जावई विजय कुमारतुंग, गाजलेले नट, १९८८ला गोळ्यांना बळी पडले. डिसेंबर १९९९ला चंद्रिकांवर बाँबहल्ला झाला, एक डोळा गेला. ऑगस्ट २०००ला तब्येतीमुळे बाईंनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबर २०००ला संसदेची निवडणूक होती. मतदान करून कोलंबोला परतताना वाटेत हृदयविकाराचा झटका आला. वय ८४. होरगोल्ल इथे नवऱ्याशेजारी समाधी आहे.

तर्कट

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच बदलून देतो. लग्न झालं नसतं तर आल्या नसत्या. पण १९७७ला आठ जागांवर आल्यावर, हक्क गेल्यावर, नवऱ्याच्या मृत्यूला वीस वर्षं झाल्यावर पक्ष त्यांच्याच नावावर टिकला. तिथे नवऱ्याची ध्वनिफीत कामाला आली नसती.

चकली

@नीलगिरी_एक्सप्रेस, एक राहिलं. करारात ठरलेले सव्वापाच लाख आले का सगळे? आणि जे तिकडेच राहिले त्यांचं काय?

नीलगिरी_एक्सप्रेस

@चकली, नाही, आकडा कधीच पूर्ण झाला नाही. मुदत संपली, अर्ज पडून राहिले, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारताने करार आता बंधनकारक नाही म्हणून सांगितलं, आणि यादवी पेटल्यावर १९८४ला बोटच बंद झाली. त्यामुळे भारतीय पासपोर्ट हातात आणि पाय श्रीलंकेत अशीही कुटुंबं होती. नागरिकत्व तुकड्यातुकड्याने मिळत गेलं, कारण दरम्यान तोंडमान जयवर्धन्यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि मळ्यांची मतं मोलाची झाली. शेवटचा कायदा २००३चा. भारतीय वंशाची जी व्यक्ती ३० ऑक्टोबर १९६४पासून श्रीलंकेत राहतेय ती आणि तिचे वंशज, सगळे नागरिक. तारीख कुठून घेतली ते वर आलंच आहे. कायदा संसदेत एकमताने मंजूर झाला, त्यात बाईंच्या पक्षाचीही मतं होती.